‘एवढ्याशाने काय होते?’

आपल्या मराठी घरांत पाहुणचाराची एक जुनी रीत आहे. पाहुण्याने ‘पुरे’ म्हणायचे आणि वाढणाऱ्याने ‘घ्या हो, एवढ्याशाने काय होते?’ असे म्हणत पानात आणखी एक घास टाकायचा. या वाक्यात माया आहे, अगत्य आहे, हे मी नाकारीत नाही. मीही ते आयुष्यात शेकडो वेळा म्हटले असेल. परंतु गेल्या दहा वर्षांत ते मला इतक्या वेळा ऐकावे लागले आहे, आणि त्याची किंमत माझ्या मुलाने इतक्या वेळा मोजली आहे, की आज त्या एका वाक्याविरुद्धच लेखणी हाती घेत आहे. लग्नाच्या पंगतीत ते ऐकले, शाळेत ऐकले, नातलगांच्या स्वयंपाकघरात ऐकले. आणि जेथे ते कधी ऐकावे लागेल असे वाटले नव्हते, त्या चर्चच्या आवारातही ऐकले.

माझा मुलगा आज सोळा वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षापासून त्याची वाढ खुंटली. हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेले, चेहरा फिकट आणि जुलाब तर पाठ सोडीनात. पुण्यात एकामागून एक डॉक्टर झाले. जंतांची औषधे झाली, आवेची झाली, टॉनिके झाली. वडीलधाऱ्यांनी सांगितले, ‘पोर अशक्त आहे, त्याला गव्हाचे सत्त्व दे, तुपातला शिरा दे, दूध-पोळी कुस्करून दे.’ मी तेच केले. रोज सकाळी मांडीवर बसवून त्याला शिरा भरवीत होते आणि तो रोज अधिकच वाळत होता. सहाव्या वर्षी एका डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि निदान झाले: सिलिॲक. ज्या अन्नाने पोर धरेल म्हणून मी त्याला भरवीत होते, तेच अन्न त्याला आतून पोखरीत होते. आईच्या मनाला हे किती लागते, ते सांगण्याची ही जागा नव्हे. परंतु या आजाराविषयी मी गप्प का बसू शकत नाही, हे वाचकांना त्यावरून कळावे.

सिलिॲक ही ॲलर्जी नव्हे, अपचन नव्हे आणि नखरा तर नव्हेच. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला लवचीकपणा येतो तो त्यामुळे; पाव फुगतो तोही त्यामुळेच. काही माणसांच्या शरीराची संरक्षक यंत्रणा हे प्रथिन पोटात जाताच बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्या अस्तरावर बोटांच्या आकाराचे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नातील पोषण तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले की माणूस भरल्या ताटावर बसूनही उपाशी राहतो. लहान मुलांची वाढ थांबते. मोठ्यांना कित्येकदा पोटाची तक्रार नसतेही. लोहाच्या गोळ्या खाऊनही न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे, तोंडातील फोड, वारंवार होणारे गर्भपात, अशा आडवाटेने हा रोग प्रकट होतो. आपल्या किती लेकीसुनांच्या ‘अंगात रक्त नाही’ या तक्रारीमागे हे कारण दडले असेल, याचा विचार कोणी करतो काय? रोगाची प्रवृत्ती आनुवंशिक असते. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात साधारण दहांपैकी एकाला तो असू शकतो. त्यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे, हा एकच उपाय. मात्र तो पाळला की बहुतेकांचे अस्तर पुन्हा भरून येते. माझ्या मुलाची उंची दोन वर्षांत दाराच्या चौकटीवरील खुणांनी मोजता मोजता वर चढू लागली, तेव्हा मी त्या चौकटीपाशी उभी राहून देवाचे आभार मानले.

गव्हाचे हे रहस्य जगाला उलगडले तेही एका दुष्काळाने. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, त्या देशात अन्नान्नदशा झाली. पाव मिळेनासा झाला. सारा देश उपासमारीने खंगत असताना हा आजार असलेली मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे काटेकोर प्रयोग करून १९५० साली आपला प्रबंध सादर केला. तेव्हापासून ‘एवढ्याशाने काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राजवळ आहे. ते आपल्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

‘हा उत्तरेकडच्या लोकांचा रोग’ असे म्हणून आपण मोकळे होतो. उत्तर भारतात तो अधिक आहे हे खरे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथे सुमारे शंभरात एकाला हा आजार आढळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दक्षिणेकडे हेच प्रमाण हजारात एकाच्या आसपास दिसले. आपण महाराष्ट्रीय या दोन टोकांच्या मधले. आणि आपले ताट तर दिवसेंदिवस उत्तरेकडे झुकत चालले आहे. आपल्यापैकी अनेकांची घराणी नगर जिल्ह्यातून पुण्यात आली. आपल्या आज्यांच्या चुलीवर ज्वारी-बाजरीची भाकरी होती, पोळी सणावारी. पुढे टंचाईच्या वर्षांत अमेरिकेचा गहू आणि बल्गर मिशनच्या आवारात वाटला गेला. त्या धान्याने अनेकांचे प्राण वाचवले. त्याविषयी कृतघ्न होऊ नये. परंतु त्याच काळात आपल्या मनात एक समीकरणही रुजले: भाकरी गरिबाची, पोळी प्रतिष्ठेची. शहरात आल्यावर तर सकाळी पाव-बटर, दुपारी पोळी आणि संध्याकाळी कॅम्पातल्या बेकरीची बिस्किटे, असा दिवस झाला. आता २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि आजीची ज्वारी सुंदर पाकिटातून चढ्या भावाने परत आली. वस्तुतः सिलिॲकच्या रुग्णाला महाराष्ट्राइतका सोयीचा मुलूख क्वचितच असेल. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी: आपली निम्मी परंपरा त्याच्या पथ्याला अनुकूल आहे. अडचण धान्याची नाही. अडचण माणसांची आहे.

पथ्य पाळणे म्हणजे केवळ पोळी न खाणे नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. डब्यातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. म्हणजे फोडणीपासूनच सावध राहायचे. माल्टची पेये जवापासून होतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. ज्या कढईत करंज्या तळल्या, त्याच तेलात तळलेली चकली चालत नाही. पोळीच्या तव्यावर थापलेली भाकरी चालत नाही. आणि ज्वारी शुद्ध असली तरी जी गिरणी आत्ताच गहू दळून मोकळी झाली, तिच्यातून निघालेले पीठ शुद्ध राहत नाही. वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे गिरणीतल्या मूठभर पिठाचे महत्त्व कळते.

या गिरणीचीच एक गोष्ट सांगते. आमच्या पेठेतील गिरणीत उपवासाच्या पिठासाठी एक वेगळे जाते आहे. राजगिऱ्यात वा शिंगाड्यात गव्हाचा कण मिसळला तर कोणाचा उपवास मोडेल, म्हणून ही काळजी. गिरणीचे मालक वारकरी घराण्यातले. मी भीतभीतच त्यांना मुलाचा आजार सांगितला. त्यांनी एक मिनिट ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही सोमवारी सकाळी गिरणी उघडताना या. उपवासाच्या जात्यावर आधी तुमची ज्वारी काढून देतो.” गेली दहा वर्षे ते हे करीत आहेत. ‘एवढ्याशाने काय होते?’ हा प्रश्न त्यांनी मला एकदाही विचारला नाही, कारण कणभराने काय होते हे त्यांच्या धर्माने त्यांना शिकवले आहे. त्या जात्याची आठवण मनात ठेवून वाचकांनी पुढील हकीकत वाचावी.

मुलगा नऊ वर्षांचा झाला. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात त्याचे नाव घातले. त्याच्या आजाराविषयी मी आरंभीच सांगितले होते. रविवारी सराव सुरू झाला: हात कसे जोडायचे, ‘आमेन’ कसे म्हणायचे, जीभ कशी पुढे करायची. सरावासाठी साध्या, पवित्र न केलेल्या ऑस्त्या मुलांना देत. माझ्या मुलालाही दिली. तो बिचारा ‘नको’ म्हणाला, तेव्हा शिकवणाऱ्या बाई प्रेमाने म्हणाल्या, “अरे, ही अजून साधीच आहे. एवढ्याशाने काय होतं?” चार रविवार असे गेले. वर्गानंतर बिस्किटे वाटली जात. ‘सगळे खातात, तूच का मागे?’ म्हणून तीही त्याच्या हातावर आली. तो घरी काही बोलला नाही. बाहेरून काही दिसलेही नाही. पुढच्या तपासणीत रक्तातील प्रतिद्रव्यांचे आकडे पुन्हा चढलेले पाहून डॉक्टरांनी विचारले, तेव्हा त्याने रडत रडत सांगितले. मी चर्चमध्ये जाऊन बोलले तेव्हा एक वयोवृद्ध भगिनी मला म्हणाल्या, “अगं, सरावाचं सोड. पण त्या दिवशी तर ती ख्रिस्ताचं शरीर असेल ना? प्रभूच्या प्रसादानं कुणी आजारी पडतं का? तुझीच श्रद्धा कमी पडते.”

म्हणजे पवित्र करण्याआधी ऑस्ती ‘साधीच’ म्हणून निरुपद्रवी, आणि पवित्र केल्यानंतर ‘पवित्र’ म्हणून निरुपद्रवी! दोन्हीकडून दोष आजारी मुलाचाच! या दोन्ही युक्तिवादांना उत्तर देणे मला भाग आहे.

पहिल्याचे उत्तर साध्या अंकगणिताने देता येते. लहान ऑस्तीचे वजन पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २५० मिलिग्रॅम धरू. गव्हाच्या पिठात साधारण एक दशांश ग्लुटेन असते. म्हणजे एका ऑस्तीत सुमारे २५ मिलिग्रॅम. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाकाठी १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसवते असे तज्ज्ञ मानतात. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेल्यास तीन महिन्यांत आतड्याच्या अस्तराची हानी होते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. तेव्हा आपली ‘एवढीशी’ ऑस्ती ही एका दिवसाच्या मर्यादेच्या अडीचपट आहे. शिवाय ही मर्यादा जाणूनबुजून खाण्यासाठी नाहीच. नकळत पोटात जाणाऱ्या कणांनीच ती भरत आलेली असते. म्हणून डॉक्टर एकही कण मुद्दाम खाऊ देत नाहीत.

दुसऱ्याचे उत्तर मी आपल्याच धर्मपंडितांकडून घेते. पवित्रीकरणाने भाकरीचे सत्त्व पालटते, तिची बाह्य रूपे आणि गुण मात्र तसेच राहतात, ही कॅथोलिक ख्रिस्तसभेची शिकवण. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे: पवित्रीकरणानंतर ही रूपे शरीराचे पोषण करू शकतात काय? त्यांचे उत्तर ‘होय’ असे आहे. इतकेच नव्हे, तर पवित्र केलेल्या द्राक्षारसाने माणसाला धुंदी येऊ शकते, हेही ते जमेस धरतात. जे पोसू शकते ते बाधूही शकते. तेव्हा ‘प्रभूच्या प्रसादाने आजार होत नाही’ असे म्हणणे ही गाढ श्रद्धा नव्हे. तो आपल्या श्रद्धेचाच अपुरा अभ्यास आहे. ख्रिस्तसभेलाही असे वाटत असते, तर या आजारासाठी तिने स्वतंत्र नियम कशाला केले असते?

ते नियम आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? १९८२ सालीच रोममधील श्रद्धासिद्धांत परिषदेने स्पष्ट केले की, सिलिॲकच्या रुग्णांना केवळ द्राक्षारसाच्या रूपाने ख्रिस्तप्रसाद घेण्याची अनुमती महागुरुस्वामी देऊ शकतात. १९८३ च्या धर्मकायद्यातही, गरज असेल तेथे केवळ द्राक्षारसाच्या रूपाने प्रसाद देता येतो, असे कलम आहे. १९९५ साली अल्प ग्लुटेन असलेल्या ऑस्तीला मान्यता मिळाली. मात्र भाकरी होण्यापुरते ग्लुटेन तिच्यात असले पाहिजे, दुसरे काही मिसळता कामा नये. २४ जुलै २००३ च्या पत्रात कार्डिनल रात्सिंगर यांनी, म्हणजे पुढच्या पोप सोळाव्या बेनेडिक्ट यांनी, हे सारे पुन्हा मांडले आणि अशी अनुमती एकदा दिल्यावर आजार असेपर्यंत कायम राहू शकते, हेही सांगितले. आजारी माणसाने दर वेळी हात पसरीत फिरावे, अशी त्यांची इच्छा नव्हती. १९९५ साली या आजाराच्या तरुणांना धर्मगुरूपदाची दारे बंद होती. २००३ साली ‘मोठ्या सावधगिरीने विचार करावा’ एवढ्यापर्यंत ती किलकिली झाली. अमेरिकेत मिसूरी राज्यातील क्लाइड येथील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींनी अनेक वर्षे खटपट करून केवळ ०.०१ टक्का ग्लुटेन असलेली ऑस्ती तयार केली. वरच्याच हिशेबाने तिच्यातील ग्लुटेन साध्या ऑस्तीच्या एक हजारांश भरते.

२०१७ साली कार्डिनल सारा यांचे पत्र आले, तेव्हा ‘व्हॅटिकनची ग्लुटेनमुक्त भाकरीला बंदी’ अशा मथळ्यांनी जगभर गाजावाजा झाला. त्या पत्रात या बाबतीत नवे काहीच नव्हते. ऑस्ती गव्हाचीच हवी, ग्लुटेन संपूर्ण काढलेली ऑस्ती ग्राह्य नाही, अल्प ग्लुटेनची ग्राह्य आहे: १९९५ आणि २००३ चेच नियम त्यात पुन्हा सांगितले होते. मथळ्यांनी बंदी तेवढी सांगितली, वाट सांगितली नाही. आणि आपणही मथळ्यांपुढे वाचले नाही.

येथे मनातले एक शल्य उघड करते. आपल्या मराठी शुभवर्तमानात प्रभू जी मोडून शिष्यांना देतो ती ‘भाकर’ आहे. मराठी माणसाला भाकर म्हटली की ज्वारी-बाजरी आठवते, आणि तीच भाकर माझ्या मुलाला जगवते. तरी वेदीवर ती चालत नाही. न्यू जर्सी राज्यातील एका आठ वर्षांच्या मुलीने २००४ साली तांदळाच्या ऑस्तीने प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला आणि तो अग्राह्य ठरवण्यात आला, हे वाचले तेव्हा मी रात्रभर तळमळले. परंतु प्रभूने त्या रात्री जे हाती घेतले तेच आपण घ्यावे, हा ख्रिस्तसभेचा आग्रह मी समजू शकते. तिच्या परंपरेपुढे मी मान तुकवते. माझे भांडण रोमशी नाही. रोमने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी जी वाट मोकळी केली, ती आपल्या धर्मग्रामाच्या दारातच का अडते, हा माझा प्रश्न आहे. नियम कठोर म्हणून मुलगा उपाशी राहिला असता तर मी नियमाविषयी लिहिले असते. तो नियमामुळे नव्हे, आपल्या अज्ञानामुळे आणि आळसामुळे उपाशी राहत होता.

हे पुणे शहर आहे. कँडीहून १९५५ साली येथे आलेली पेपल सेमिनरी, ज्ञानदीप विद्यापीठ, अनेक संघांची अभ्यासमंदिरे: भारतभरचे भावी धर्मगुरू येथे ईशज्ञान शिकतात. एवढ्या ज्ञानाच्या शेजारी राहून आपण सामान्य कुटुंबांनी साधी चौकशीही करू नये, हे आपल्याला शोभत नाही. आमच्या फादरांना मी ही पत्रे नेऊन दाखवली, तेव्हा त्यांनी मोकळेपणाने सांगितले, “बाई, मला हे ठाऊक नव्हतं.” आणि त्यांनी रीतसर अनुमती आणली. मी त्यांचा आदर करते. ठाऊक नसणे हा अपराध नव्हे. ठाऊक करून न घेता दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोट ठेवणे हा अपराध आहे.

तरीही कुजबुज थांबली नाही. ‘एवढ्याशा पोराला वाईन देतात?’ ‘याला वेगळा चषक, हा कोण मोठा?’ पहिल्या आक्षेपाला उत्तर असे, की ओठ भिजण्यापुरता तो घोट असतो, आणि त्रेंत धर्मपरिषदेपासून आपण हेच शिकत आलो आहोत की दोहोंपैकी कोणत्याही एका रूपात संपूर्ण ख्रिस्त असतो. माझ्या मुलाला अर्धा ख्रिस्त मिळत नाही. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर वेदीवर नीट पाहिले तर मिळते. धर्मगुरू भाकर मोडतात तेव्हा तिचा एक कण आपल्या चषकात टाकतात. त्या चषकातून माझ्या मुलाने प्यावे तर गहू आलाच. म्हणून त्याचा चषक वेगळा, छोटा, आणि ज्यात कोणी ऑस्ती बुडवलेली नाही असा हवा. हा मान नव्हे, ही गरज आहे. चाकाच्या खुर्चीसाठी पायरीशेजारी उतार बांधला, तर त्याला आपण मिरवणे म्हणतो काय?

संत पौलाने करिंथच्या मंडळीला कशासाठी झापले होते, ते आठवावे. प्रभुभोजनाला ते एकत्र जमत, परंतु एकमेकांसाठी थांबत नसत. कोणी उपाशी राही, कोणी धुंद होई, आणि ज्यांच्याजवळ काही नसे त्यांना खाली पाहावे लागे. प्रभूचे शरीर न ओळखता खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, ही भयंकर ताकीद पौलाने त्याच प्रसंगी दिली आहे. आपण तिचा अर्थ केवळ ऑस्तीपुरता लावतो. परंतु जो शेजारचा भाऊ रांगेतून रिकाम्या तोंडाने परत जातो, तोही त्या शरीराचाच अवयव नव्हे काय? त्याला न ओळखणे म्हणजे शरीर न ओळखणेच होय.

वेदीवर जे घडते तेच अंगणातल्या मांडवात घडते. सणाच्या जेवणात पुरी आणि पुलाव एकाच चमच्याने वाढले जातात. नाताळच्या फराळात केक, करंज्या, शंकरपाळे, नानकटाई. आजारी मुलाने नुसते पाहावे. तांदळाचे डोदोल, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा हेही नाताळचेच पदार्थ आहेत. ते वेगळ्या भांड्यात, वेगळ्या तेलात, आधी करून झाकून ठेवले तर कोणाचा सण उणा होईल? लग्नाच्या वेळी तर मुलीचा हा आजार लपवला जातो. मग सासरी ती गुपचूप पोळी खाते आणि आतून झिजत राहते. एका कुटुंबाने मला विचारले, “हे कोणाला सांगू नका, मुलीचं जमायचं आहे.” मी म्हणाले, जे घर ताटात भाकरी वाढू शकत नाही, त्या घरात मुलगी का द्यायची?

एक इशारा मात्र द्यायला हवा. अलीकडे ‘ग्लुटेन-फ्री’ ही सडपातळ होण्याची एक टूम झाली आहे. कोणी चार दिवस पोळी सोडतो आणि पाचव्या दिवशी केकवर ताव मारतो. त्याच्या लहरीमुळे खऱ्या रुग्णाचे पथ्यही लोकांना लहर वाटू लागते. ज्याला शंका असेल त्याने आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. तपासणीपूर्वीच गहू सोडला तर रोग झाकला जातो आणि निदान चुकते. तपासणीविना पथ्य नको, आणि निदान झाल्यावर सवलत नको.

शेवटी मागणे काय? ते फार मोठे नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात नाव घालताना आजाराविषयी एक ओळ विचारावी, आणि जे उत्तर येईल ते शिकवणाऱ्या प्रत्येकाला कळवावे. सरावाची ऑस्ती अशा मुलाला देऊ नये. अल्प ग्लुटेनच्या ऑस्त्या मिळवता आल्या तर त्या वेगळ्या डबीत ठेवाव्यात आणि साध्या ऑस्तीला लागलेल्या बोटांनी त्यांना स्पर्श करू नये. न मिळाल्या तर एक छोटा वेगळा चषक. तो ठेवायला कोणतेही धर्मग्राम इतके गरीब नाही. महागुरुस्वामींच्या अनुमतीसाठी आईवडिलांना खेटे घालावे लागू नयेत. धर्मग्राम समितीनेच ती मागावी. सणाच्या जेवणात भात-भाजी आधी बाजूला काढून ठेवावी. आणि ज्याने ‘नको’ म्हटले, त्याचे ‘नको’ पहिल्याच वेळी ऐकावे.

माझा मुलगा आता वेदीसेवक आहे. रविवारी सगळे रांगेत पुढे सरकतात तेव्हा तो बाजूला उभा असतो, आणि शेवटी फादर तो छोटा चषक घेऊन त्याच्याकडे वळतात. परवा मिस्सेनंतर त्याच चर्चमध्ये एक तरुण आई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीचे पोट फुगलेले, हातपाय बारीक. तिच्या हातात कोणीतरी मायेने दिलेले बिस्किट होते. त्या आईने मला विचारले, “ताई, तपासणी कुठं करायची?” मी तिला पत्ता दिला आणि तपासणी होईपर्यंत खाणेपिणे बदलू नकोस, असे बजावले. निदान काय निघेल ते देव जाणे. परंतु जर ते माझ्या मुलासारखेच निघाले, तर चार वर्षांनी ती मुलगी ज्या वर्गात बसेल, तो वर्ग तुमच्या-माझ्या धर्मग्रामातला असेल. तिला तेथे ‘एवढ्याशाने काय होते?’ हे ऐकावे लागू नये, एवढी तयारी आपण तोवर करणार आहोत काय?